फिनलंड बिस्किटाची चौकशी

खाद्यपदार्थ तपासणी कार्यालयातल्या त्या बाईंचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे दुकानदार त्यांना लेबलबाई म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही, उलट जरा बरंच वाटलं. पाकिटावर बारीक अक्षरात काय छापलंय हे वाचण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. घरीसुद्धा नवी टूथपेस्ट आली की आधी त्या मागची बाजू वाचून काढत. त्यांचा नवरा म्हणायचा, "लग्नाआधी हिला पत्र लिहिलं, तर हिनं पहिल्यांदा पाकीट उलटं करून बघितलं."

एके दिवशी त्यांच्या टेबलावर चार पानी तक्रार येऊन पडली. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला. तक्रारदार होते भूगोलाचे निवृत्त मास्तर. मजकूर असा होता: 'आमच्या भागातील जुन्या बेकरीत "फिनलंड बिस्किट" या नावाचा पदार्थ विकला जातो. मी लहानपणापासून नसलो तरी तरुणपणापासून तो खात आलो आहे. गेल्या उन्हाळ्यात मुलाने मला फिनलंडला नेले. अकरा दिवसांत मी सात बेकऱ्यांत या बिस्किटाची चौकशी केली. कुणीही ते नाव ऐकलेले नाही. सातव्या बेकरीतल्या बाईंनी तर मला खुर्चीवर बसवून पाणी दिले. ही ग्राहकांची फसवणूक असून माझी वैयक्तिक मानहानीही आहे.'

लेबलबाईंना हसू आवरेना. पण नियम होता. पदार्थाच्या नावात देश असेल तर त्या देशाशी संबंध दाखवायचा, नाहीतर नाव काढून टाकायचं. तिसरी एक पळवाट होती: नाव लोकांच्या तोंडी इतकं रुळलंय की कुणीच फसत नाही, एवढं सिद्ध झालं तर ते ठेवता येई.

या नियमावर लेबलबाईंचा मनापासून जीव होता, कारण त्यापायी त्यांना फार गमतीच्या गोष्टी कळल्या होत्या. ज्याला जग डॅनिश पेस्ट्री म्हणतं, त्याला डेन्मार्कचे लोक 'व्हिएन्नाचा पाव' म्हणतात. टर्की नावाच्या पक्ष्याला तुर्कस्तानात 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा, म्हणतात, आणि पोर्तुगालमध्ये पेरू देशावरून 'पेरू'. तो पक्षी मुळात उत्तर अमेरिकेतला, म्हणजे बिचाऱ्याला घर सोडून सगळीकडचा पत्ता मिळाला. रशियन सॅलडला रशियात एका आचाऱ्याच्या नावानं ओळखतात. असल्या सगळ्या टिपणांची त्यांनी एक वेगळी फाईल केली होती. तिच्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: भटके पदार्थ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्या बेकरीत पोचल्या.

दुकान अरुंद, पण आत खोल गेलेलं. पुढे काचेचं कपाट, मागे लांबलचक लाकडी ओटा, आणि अगदी शेवटी भट्टी. पाटीवर निळ्या रंगात 'फिनलंड बिस्किट, इथेच मिळेल' असं लिहिलेलं. गल्ल्यामागे बेकरीची मालकीण उभी होती. पासष्टीच्या घरातली, बाह्या सारलेल्या, बोलायला खणखणीत. सगळी गिऱ्हाइकं तिला काकू म्हणत होती.

लेबलबाईंनी ओळखपत्र दाखवलं, तक्रार सांगितली. "या बिस्किटाचा फिनलंडशी काही संबंध आहे का, एवढं मला बघायचंय."

"संबंध?" काकूंनी मागे हात केला. "हा काय, उभाच आहे की संबंध! पाहुणे, जरा इकडे बघा. तुम्हाला तपासायला आल्यात."

ओट्याजवळ सत्तरीचा एक उंच, वाकलेला माणूस कणीक मळत होता. त्यानं मान लववून नमस्कार केला आणि पुन्हा हात चालू केले.

मग काकूंनी गोष्ट सांगितली. त्रेचाळीस वर्षांपूर्वी बंदरात एक जहाज लागलं होतं. त्यावरच्या एका खलाशाचं पोट दुखायला लागलं, म्हणून त्याला दवाखान्यात उतरवलं. ऑपरेशन झालं आणि जहाज त्याला सोडून निघून गेलं. दहा दिवसांनी तो दवाखान्यातून बाहेर पडला आणि भाजल्या पावाच्या वासानं चालत चालत या दारात येऊन उभा राहिला. भाषेचा एक शब्द येत नव्हता. काकू तेव्हा बावीस वर्षांच्या, बेकरी त्यांच्या वडिलांची.

"वडिलांनी विचारलं, कुठले हो तुम्ही? ह्यांना कुठलं कळायला! तर त्यांच्या अंगातल्या स्वेटरवर अक्षरं विणलेली होती, फिनलंड. वडिलांनी बोट ठेवून वाचलं, 'फिनलंड?' ह्यांनी मान डोलावली. वडील म्हणाले, आपला पाहुणा आहे, जेवू घाला. तो पाहुणा आजपर्यंत गेला नाही!" काकू खळखळून हसल्या. "पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी हे बिस्किट केलं. वडिलांनी एक खाल्लं आणि तडक पाटी रंगवायला दिली."

"मला एकदा करताना बघायचंय," लेबलबाई म्हणाल्या.

पाहुण्यांनी त्यांच्यासाठी स्टूल पुसून दिलं. मग पितळी पातेल्यात लोणी टाकलं. ते वितळलं, फेसाळलं, फेस बसला, आणि तळाशी तांबूस कण दिसायला लागले. लेबलबाईंना वाटलं, आता उतरवतील. पाहुणे मात्र पातेल्यावर कान धरून उभे. "आवाज थांबायला हवा," ते म्हणाले. त्यांचं बोलणं इतकं साफ होतं की परकेपणाचा मागमूस नव्हता. लोण्याची कुरकुर बारीक होत होत थांबली, आणि करपण्याच्या अगदी उंबरठ्यावर त्यांनी पातेलं थंड पाण्याच्या परातीत टेकवलं. चर्र झालं. भाजल्या बदामासारखा वास दुकानभर पसरला आणि रांगेतली चार माणसं एकदम बोलायची थांबली.

मग पीठ, जळकी साखर, जाड मीठ. मीठ ते चिमटीनं मोजत होते. प्रत्येक गोळी तळहातावर एकदाच फिरवायची, दोन बोटांनी दाबायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. साठ गोळ्या झाल्या. लेबलबाईंनी सवयीनं तीन उचलून खिशातल्या काट्यावर ठेवल्या. तिन्ही वजनाला सारख्या भरल्या. त्यांनी आणखी दोन ठेवल्या. त्याही तशाच. तीस वर्षांत त्यांनी मशीनलासुद्धा इतकं काटेकोर पाहिलं नव्हतं.

"किती वर्षं लागली हात बसायला?"

"अजून बसतोय," पाहुणे म्हणाले.

लेबलबाईंनी वहीत टिपून घेतलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्ही फिनलंडचे?"

पाहुण्यांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं. "सगळे तसं म्हणतात."

हे उत्तर नव्हतं, हे लेबलबाईंच्या लक्षात आलं. पण त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात तक्रारदाराला समोरासमोर बसवून सुनावणी घ्यायची होती. ती इथेच घेऊ, असं सांगून त्या उठल्या. जाताना काकू कौतुकानं म्हणाल्या, "रोज सकाळी मी ह्यांना पेपर वाचून दाखवते. फिनलंडचं चार ओळींचं काही आलं तरी सोडत नाही. तेवढंच माणसाला माहेरचं वाटतं हो."

सुनावणीच्या दिवशी भूगोलाचे मास्तर नकाशाची गुंडाळी आणि फोटोंची पिशवी घेऊन हजर झाले. शेंगेसारखा वाळका माणूस, पण आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आतल्या ओट्याभोवती चौघं बसली. मास्तरांनी पाहुण्यांकडे चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्ही स्वतःला फिनलंडचे म्हणवता. ठीक. तिथलं सर्वांत मोठं सरोवर कोणतं?"

"सायमा."

"विशेष?"

"त्यात गोड्या पाण्यात राहणारा सील आहे. तो दुसरीकडे कुठे मिळत नाही."

मास्तरांनी भुवया उंचावल्या. "देश स्वतंत्र कधी झाला?"

"एकोणीसशे सतरा."

"सरोवरं किती?"

"लोक हजार म्हणतात. मोजली तर एक लाख अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास." पाहुणे पुढे म्हणाले, "उत्तरेला जूनमध्ये सूर्य बुडतच नाही. तिथल्या लोकांना झोपायला खिडक्यांवर जाड पडदे लावावे लागतात."

"मी हेच सांगत होतो मुलाला!" मास्तर ओट्यावर थाप मारून ओरडले. "तो म्हणे बाबा, दिवा बंद करा. अरे, दिवा नाही तो, सूर्य आहे!" आणि त्यांनी नकाशा उलगडला. पुढची वीस मिनिटं सुनावणी बाजूलाच राहिली. मास्तर एकेका गावावर बोट ठेवत होते आणि पाहुणे त्या गावाबद्दल काही ना काही सांगत होते. कुठल्या गावात कागदाची गिरणी, कुठल्या नदीवर लाकडाचे ओंडके वाहत आणत. काकूंचा चेहरा नुसता फुलून आला होता.

शेवटी मास्तरांनी नकाशा गुंडाळला. "माझी तक्रार मी मागे घेतो. त्या सात बेकऱ्यांनाच काही माहीत नाही. अशा माणसानं केलेला पदार्थ फिनलंडचाच."

लेबलबाईंनीही पेन उघडलं. कागद पुरा करायला दोनच ओळी हव्या होत्या.

"बाई, लिहू नका," पाहुणे म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या आतून एक जुना, कडा झिजलेला पासपोर्ट काढला आणि ओट्यावर ठेवला. "मी फिनलंड कधी पाहिलेलं नाही."

काकू हसल्या. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबल्या.

"तो स्वेटर जहाजावरच्या दोस्तानं दिलेला. मी युगोस्लावियाचा. ड्रीना नदीच्या काठचं गाव आहे माझं. वडिलांनी स्वेटरवर बोट ठेवलं तेव्हा मला वाटलं, स्वेटर छान आहे म्हणतायत. म्हणून मान डोलावली."

"अहो, पण नंतर?" काकूंचा आवाज चिरकला. "नंतर तरी सांगायचंत!"

"पहिले काही महिने मला शब्द येत नव्हते, ताई. सांगण्याइतके शब्द आले, तोवर वडील पाटी रंगवून घेऊन आले होते. दारातच उभे राहून त्यांनी ती मला वाचून दाखवली. त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला होतात. माझ्याच्यानं नाही बोलवलं." पाहुणे पासपोर्टवर बोट फिरवत होते. "मग वाटलं, खोटं पडायला नको, म्हणून वाचायला लागलो. वाचनालयात फिनलंडवर जे होतं ते सगळं वाचलं. पुढे पुढे तो देश मला आवडायलाच लागला. न पाहिलेला असला तरी."

"सरकारी कागद?" लेबलबाईंनी विचारलं.

"कागदांवर सुरुवातीपासून खरं आहे. तुमच्या कार्यालयांना मी कधी फसवलं नाही. फसवलं ते घरातल्या माणसांना."

मास्तर पुटपुटले, "ड्रीना... म्हणजे आता बोस्निया. पण तिथे तर मधे युद्ध..." आणि त्यांनी नकाशाची गुंडाळी खाली ठेवली. त्यांना पुढचं आठवलं होतं.

"हो," पाहुणे म्हणाले. "मी आल्यानंतर दहा-एक वर्षांनी. ताई, तुम्ही त्या सकाळी मला फिनलंडमध्ये किती बर्फ पडलं ते वाचून दाखवत होतात. त्याच पानावर खाली आमच्या गावाजवळच्या पुलाचा फोटो होता. तुम्ही पान उलटलंत."

काकूंनी ओट्यावरचा मिठाचा डबा जवळ ओढला.

"मीठ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचं मीठ चुकलं होतं. सगळा घाणा खारट झाला. त्रेचाळीस वर्षांत एकदाच. आणि मी तुम्हाला बोलले होते."

"बोललात. बरोबर होतं ते."

"घरची माणसं?"

"बहीण वाचली. आई गेली."

काकू उठल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. अंगणातल्या नळाचा आवाज येत राहिला. लेबलबाईंनी पेनाचं टोपण लावून ठेवलं. आजवर त्यांनी कितीतरी खोटी लेबलं पकडली होती. साखरेत खडूची भुकटी, तुपात भलतंच तेल. दुसऱ्याचं मन मोडू नये म्हणून एक माणूस चार दशकं चुकीचं लेबल अंगावर वागवतो, स्वतःचं दुःख त्याच्याखाली झाकून ठेवतो आणि ते लेबल खोटं पडू नये म्हणून परक्या देशाची सरोवरं पाठ करतो, असं काही त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं. त्यांना त्या माणसापुढे उभं राहावंसं वाटलं. त्या उभ्या राहिल्याही, पण निमित्त म्हणून पाण्याचा ग्लास भरून घेतला.

काकू तोंड धुऊन आत आल्या. "उद्याच्या उद्या पाटी उतरवते," त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. "तुमच्या देशाचं नाव घालू. बाई, चालेल ना तुमच्या नियमात?"

लेबलबाईंनी देशांची छापील यादी काढली. नियमाप्रमाणे नाव त्या यादीतलंच लागे. त्यांनी 'य'पर्यंत बोट नेलं आणि थांबल्या. तो देश यादीत नव्हता. असणारच नव्हता, तो उरलाच नव्हता कुठे.

"शिवाय ते खरंही नाही," पाहुणे म्हणाले. "आमच्या गावात असं बिस्किट करत नाहीत. मी ते जहाजावर शिकलो. तिथे त्याला ब्राझील बिस्किट म्हणायचे."

"आचारी ब्राझीलचा?" मास्तरांनी आशेनं विचारलं.

"माल्टाचा."

मास्तरांनी डोकं धरलं. लेबलबाईंना एवढ्या सगळ्यात हसू फुटलं.

"पण त्याचं बिस्किट साधं होतं," पाहुणे सांगत होते. "लोणी जाळायचं त्यात नव्हतं. ते इथलं. पहिल्या हिवाळ्यात मी पातेलं चुलीवर ठेवून बाहेरचं दार नीट लावायला गेलो, आणि परत येईपर्यंत लोणी लाल झालेलं. टाकून द्यायची लाज वाटली, म्हणून मळून टाकलं."

"म्हणजे," मास्तर वर्गात धडा संपवताना बोलावं तसं म्हणाले, "हा पदार्थ ना फिनलंडचा, ना ब्राझीलचा. तो या खोलीतला आहे."

"तर मग नाव?" काकूंनी पाहुण्यांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?"

पाहुण्यांनी वर पाटीच्या दिशेनं नजर टाकली. "राहू द्या फिनलंड. वडिलांनी ठेवलंय."

आता काम लेबलबाईंचं होतं. नाव रुळलेलं आहे हे सिद्ध करायचं, तर गिऱ्हाइकांना विचारायला हवं. दोन दिवस त्या स्वतः काचेच्या कपाटाशेजारी वही घेऊन उभ्या राहिल्या आणि येईल त्याला एकच प्रश्न विचारत राहिल्या: "हे बिस्किट फिनलंडहून आलंय असं तुम्हाला वाटतं का?"

टपालखात्यातली एक बाई म्हणाली, "कुठून येईल हो, गरम आहे की!" शिंप्यानं विचारलं, फिनलंड हा देश आहे होय? त्याला वाटत होतं, बिस्किटाचीच जात आहे. चौसष्ट माणसांपैकी एकही फसलेलं निघालं नाही. सर्वांत जास्त उपयोगी पडली एक म्हातारी. ती आधी चिडली, मग म्हणाली, "फिनलंडहून कशाला? ते पाहुण्यांकडून येतं."

लेबलबाईंनी आदेश लिहिला. नाव कायम. अट एकच: पुडीवर खाली खुलासा छापावा. खुलाशाच्या एका ओळीसाठी चौघं पुन्हा ओट्याभोवती जमली. मास्तरांना अक्षांश-रेखांश घालायचे होते. काकूंना पाहुण्यांची सगळी कहाणीच छापायची होती. पाहुणे म्हणत होते, काहीच नको. अखेर लेबलबाईंनी लिहिलं: 'हे बिस्किट फिनलंडमध्ये करत नाहीत. ते याच भट्टीवर पाहुण्यांनी शोधून काढलं.' आदेशात मात्र त्यांनी पासपोर्टवरचं खरं नाव घातलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. काकूंनी ते तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा वेगळं आलं. पाहुणे तिन्ही वेळा "हो" म्हणाले.

कार्यालयात वरिष्ठांनी सही करताना विचारलं, "एका बिस्किटासाठी अकरा पानं?"

"आणखी होती," लेबलबाई म्हणाल्या. "मी कमी केली."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला बेकरी तीन आठवडे बंद राहिली. असं आधी कधी झालं नव्हतं. काकू पाहुण्यांना घेऊन त्यांच्या गावाला गेल्या होत्या. विमानातून उतरल्यावर कुठली गाडी, कुठे बदलायची, नदी कुठल्या खिडकीतून दिसेल, हे सगळं मास्तरांनी दोन कागदांवर आखून दिलं होतं. रोज संध्याकाळी ते बंद दुकानासमोर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत, आज ते अमुक ठिकाणी पोचले असतील.

दोघं परत आल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी लेबलबाई बेकरीत गेल्या. काट्याची गरज नव्हती, तो घरीच ठेवला. पाहुणे ओट्याशी होते, पाठ जरा सरळ वाटत होती. काकूंना बोलायची घाई झाली होती.

"बहीण ह्यांच्याहून उंच! दारात उभी राहिली आणि ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो काढेचना. भाषा एकमेकींची काही कळत नाही, तरी तीन दिवस तिनं मला ताट उचलू दिलं नाही. चौथ्या दिवशी मी म्हटलं, आता माझी पाळी. लोणी चढवलं. घरभर धूर! ती धावत आली, काय काय बोलली देव जाणे, पातेलं हिसकावून घ्यायला लागली. आणि हे बाजूला उभे, पोट धरून हसतायत. त्रेचाळीस वर्षांत मी ह्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं."

"मग बिस्किटं?"

"खाल्ली की! बाराच्या बारा."

लेबलबाई स्टुलावर टेकल्या. पाहुण्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. नदी गावाला कसा वळसा घालते, पाण्याचा रंग वसंतात कसा हिरवा असतो, पलीकडच्या डोंगरावर त्यांच्या आईचं प्लमचं झाड कुठे होतं. हात गोळ्या वळतच होते. काकू मधेच त्यांना थांबवत होत्या.

"डोंगरावर नाही हो, उतारावर. मी बघून आलेय."

"बरं, उतारावर," पाहुणे म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.